पीएल सगळ्यात कमी, तरी रेट सगळ्यात मंद: टायटेनियातले इलेक्ट्रॉन आणि होल जातात कुठे?

पावडर_३६५:

मंडळी, तीन आठवडे एकाच जागी अडकलोय म्हणून विचारतो. माझ्याकडे पी२५ टायटेनिया आहे (टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर, प्रकाश पडला की रसायनं तोडणारी), म्हणजे साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि बाकीचं बहुतेक रुटाइल, ही त्याची दोन स्फटिकरूपं, कण २१ एनएमच्या (नॅनोमीटरच्या) आसपासचे. त्यावर प्लॅटिनम फोटोडिपॉझिट केलं, क्लोरोप्लॅटिनिक ॲसिड आणि मिथेनॉल घालून यूव्हीखाली ठेवलं, नेहमीची पद्धत. वजनाने ०.५ टक्के, १ टक्का आणि ३ टक्के असे तीन सॅम्पल केले. मग ३६५ एनएमचा एलईडी लावून मिथिलीन ब्लू किती वेगाने जातो ते बघितलं, आधी अर्धा तास अंधारात ढवळून.

पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे प्रकाश टाकल्यावर पावडर स्वतः किती चमकते ते) काढलं तर अगदी पुस्तकात असतं तसं आलं. साध्या टायटेनियाचा सिग्नल सगळ्यात मोठा, ०.५ चा कमी, १ चा अजून कमी, आणि ३ टक्क्यांची रेघ जवळजवळ सपाट. मी खूश झालो, म्हटलं रिकॉम्बिनेशन मेलं, म्हणजे प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची मागे उरलेली रिकामी जागा (होल) परत भेटून जिरणं बंद. पण रेट बघितला तर ०.५ सगळ्यात चांगला, १ त्याच्या थोडा खाली, आणि ३ टक्केवाला चक्क साध्या टायटेनियापेक्षाही मंद!! तीनदा करून बघितलं, तेच येतंय.

आता पीएल कमी म्हणजे रिकॉम्बिनेशन कमी, रिकॉम्बिनेशन कमी म्हणजे जास्त चार्ज वाचले, मग वाचलेले चार्ज काम का करत नाहीत? ते गेले कुठे? आणि दुसरं, प्लॅटिनम आणि टायटेनियाच्या मध्ये शॉटकी जंक्शन (धातू आणि सेमीकंडक्टरचा जोड) होतं आणि तिथलं फील्ड इलेक्ट्रॉन आणि होल वेगळे करतं असं सगळीकडे वाचतो, तर जास्त प्लॅटिनम म्हणजे जास्त जंक्शन आणि जास्त सेपरेशन असं व्हायला नको का?

लेझरवाली:

तुझ्या साखळीतली पहिलीच कडी कच्ची आहे, पीएल कमी म्हणजे रिकॉम्बिनेशन कमी ही. आणि हे फार जणांकडून होतं, त्यामुळे जरा नीट लिहिते.

इलेक्ट्रॉन आणि होल भेटले की ऊर्जा दोन वाटांनी जाते, एक प्रकाश म्हणून आणि दुसरी उष्णता म्हणून. पीएल फक्त पहिली वाट बघतं. आणि टायटेनियात पहिली वाट फारच अरुंद आहे, ॲनाटेजचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला सुटायला लागणारी ऊर्जेची उडी) इनडायरेक्ट, म्हणजे नुसता प्रकाश देऊन परत खाली येणं अवघड, त्यामुळे खोलीच्या तापमानाला बहुतेक सगळं रिकॉम्बिनेशन काहीही न चमकता होतं. तुला दिसणारा तो ५०० एनएमच्या आजूबाजूचा रुंद डोंगरसुद्धा बऱ्याच अंशी ट्रॅपमध्ये (चार्ज अडकून पडतो अशा जागेत) बसलेल्या चार्जचा आहे. म्हणजे एका मोठ्या गर्दीतला अगदी छोटा हिस्सा तू मोजतोयस आणि त्यावरून उरलेल्या गर्दीचं भविष्य सांगतोयस.

आता प्लॅटिनम घातलं की पीएल पडतं ते किती कारणांनी बघ. एक, इलेक्ट्रॉन खरंच प्लॅटिनमवर गेला, हे तुला हवं असलेलं कारण. दोन, इलेक्ट्रॉन प्लॅटिनमवर गेला आणि थोड्या वेळाने होलही तिथेच गेला, कारण धातूला दोन्ही चालतात, त्याच्यात गॅप नाही, मधे अडवणारं काही नाही. दोघं तिथे भेटले, उष्णता झाली, पीएल शून्य. म्हणजे रिकॉम्बिनेशन वाढलं आणि पीएल कमी झालं! तीन, पावडर राखाडी झाली, तिने येणारा प्रकाशही खाल्ला आणि बाहेर पडणारी चमकही खाल्ली. या तिन्हीत तुझी रेघ सपाटच दिसणार. त्यामुळे ३ टक्क्यांची सपाट रेघ चांगली बातमी आहे की वाईट, हे पीएलवरून कळूच शकत नाही.

अजून एक, वेळ. फोटॉन शोषला की फेमटोसेकंदात जोडी तयार होते, पुढच्या काही पिकोसेकंदांच्या आत बरेचसे चार्ज पृष्ठभागावरच्या कुठल्यातरी ट्रॅपमध्ये बसतात, इलेक्ट्रॉन टायटॅनियमवर, होल ऑक्सिजनवर. रिकॉम्बिनेशन तिथून सुरू होतं आणि त्याला एक ठरावीक आयुष्य असं नसतंच, काही जोड्या पिकोसेकंदात जातात, काही मायक्रोसेकंदांनंतरही जिवंत असतात, लांबच लांब शेपूट. मिथेनॉलसारखं काही पृष्ठभागाला चिकटलेलं असेल तर होल नॅनोसेकंदांच्या पट्ट्यातच उचलला जातो. पण इलेक्ट्रॉनने ऑक्सिजनला द्यायचं काम संथ आहे, मायक्रो ते मिलिसेकंद. म्हणजे हवेत काम करताना बहुतेक वेळा अडून बसलेला असतो तो इलेक्ट्रॉन, आणि तो अडून बसला की पुढचा होल त्याला येऊन भेटतो. ०.५ टक्क्याने तुझा रेट वाढला तो प्लॅटिनमने ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन द्यायची वाट सोपी केली म्हणून, असं मला वाटतं.

कण_मोजणारा:

ताईंशी सहमत. मी दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो, त्या शॉटकी फील्डच्या. मोठ्या सपाट इलेक्ट्रोडवर ते चित्र बरोबर आहे. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटेनियाचा इलेक्ट्रोड घेऊन प्रकाशाने पाणी फोडून दाखवलं, तिथे रुटाइलचा चांगला धडधाकट क्रिस्टल होता, त्यात बँड (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्या) वाकायला, म्हणजे आत फील्ड तयार व्हायला, जागा होती. तुझ्या २१ एनएमच्या कणात ती जागा आहे का? हिशोब करून बघ, मी आत्ताच कागदावर केला.

एका कणाचं आकारमान साधारण ४.८ गुणिले १० चा उणे १८ वा घात घन सेंटीमीटर. डोनर घनता (मोकळा इलेक्ट्रॉन देणाऱ्या जागा, दर घन सेंटीमीटरला) १० चा १७ वा घात धरली तर एका कणात सरासरी अर्धा डोनर इलेक्ट्रॉन. अर्धा! म्हणजे दोन कणांत मिळून एक. डिप्लीशन लेयर म्हणजे काय, तर डोनरचे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे उरलेला धन भार, इथे निघून जायला इलेक्ट्रॉनच नाहीत. याच घनतेला अर्ध्या व्होल्टचं वाकण बसवायचं तर शंभरपेक्षा जास्त एनएम जाडी लागते, तुझा अख्खा कण त्याच्या पाचव्या हिश्श्याचा. आणि कणाच्या मध्यापासून कडेपर्यंत जास्तीत जास्त किती व्होल्टेज पडेल तर साधारण १ मिलिव्होल्ट, जेव्हा खोलीच्या तापमानाची उष्णताच २५ मिलिव्होल्टइतकी असते. त्यामुळे एवढ्या छोट्या कणात फील्ड चार्जना ओढून नेतं हे चित्र विसर. तिथे चार्ज भटकतात, डिफ्यूजनने, आणि कण इतका लहान की भटकत भटकत पिकोसेकंदांत पृष्ठभागाला लागतातच. दोघंही लागतात, इलेक्ट्रॉनही आणि होलही. वेगळं कोण होतं ते ठरतं कुठला चार्ज कुठे आधी पकडला जातो आणि तिथून किती लवकर पुढे दिला जातो यावर.

आता प्लॅटिनम मोज, कारण मजा इथेच आहे. पी२५ च्या एका कणाचं वजन साधारण १.९ गुणिले १० चा उणे १७ वा घात ग्रॅम. त्याचा अर्धा टक्का प्लॅटिनम, आणि प्लॅटिनमचे ठिपके २ एनएमचे धरले, तर जवळजवळ बरोब्बर प्रत्येक कणावर एक ठिपका येतो. एक! आणि ३ टक्क्यांना सहा. आता विचार कर, कणात एका वेळी इलेक्ट्रॉन किती असतात? एलईडीची तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॅट धर, तर एका कणावर सेकंदाला साठेक हजार फोटॉन येऊन पडतात, पण ३६५ एनएमला ॲनाटेज फार कमी शोषतं, शंभरात एखादाच फोटॉन आत मुरतो. म्हणजे सेकंदाला काहीशे जोड्या, दोन जोड्यांच्या मधे मिलिसेकंदाच्या आसपासचा काळ. एका वेळी एखादाच इलेक्ट्रॉन असलेल्या कणाला बाहेर पडायला एक दार पुरतं, सहा दारं केल्याने तो सहापट वेगाने बाहेर पडत नाही. पण होलला चुकून धातूवर जाऊन बसायच्या जागा मात्र सहा झाल्या, आणि मोकळा टायटेनियाचा पृष्ठभाग, जिथे त्याने खरं काम करायचं, तो कमी झाला.

लेझरवाली:

हे दोन जोड्यांमधलं अंतर फार महत्त्वाचं आहे, मी लिहायला हवं होतं. आम्ही ट्रान्झियंट ॲब्सॉर्प्शन (लेझरचा पल्स मारून चार्ज किती वेळ टिकतात ते बघणं) करतो तेव्हा एका पल्समध्ये एका कणात सहज कित्येक जोड्या बनवू शकतो, मग रिकॉम्बिनेशन इतकं झपाट्याने होतं की वाटावं काही वाचणारच नाही. तीच पावडर मंद प्रकाशात वेगळं वागते. तीव्रता कमी असताना रेट प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतो, तीव्रता बरीच वाढवली की वर्गमुळाच्या प्रमाणात, कारण मग वेगवेगळ्या फोटॉनमधून आलेले इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना भेटायला लागतात. पावडरदादा, एलईडीचा करंट अर्धा करून रेट अर्धा होतो का बघ, पाच मिनिटांचं काम आहे आणि तू कुठल्या भागात आहेस ते कळेल. आणि पल्सचे आकडे वाचताना दर वेळी त्या पल्सची ऊर्जा बघत जा, नाहीतर चुकीच्या वेळा डोक्यात बसतात.

जुना_प्रयोगवाला:

हिशोब छान, पण मुलाला हाताने करून बघता येईल असं काहीतरी द्या ना.

पहिलं, मिथिलीन ब्लू एकटा वापरू नकोस. तो रंग आहे, म्हणजे स्वतः प्रकाश खातो, स्वतःचा इलेक्ट्रॉन टायटेनियाला देतो, आणि वर तो इलेक्ट्रॉन घेतोही आणि ल्यूको रूपात जाऊन रंगहीन होतो. ६६४ एनएमचा पीक गेला म्हणजे रेणू तुटला असं नाही. बाटली हवा न जाऊ देता ठेवली, रंग गेल्यावर हवा सोडली आणि निळा परत आला, तर तो तुटलाच नव्हता, फक्त इलेक्ट्रॉन घेऊन बसला होता. तुझ्याकडे हवा आहे त्यामुळे हे कमी होईल पण प्लॅटिनमवर काय होतंय याचा भरवसा नाही. फिनॉल घे, ३६५ ला तो शोषत नाही.

दुसरं, इलेक्ट्रॉन डोळ्याने बघ. खरंच दिसतात. साधं टायटेनिया मिथेनॉलमध्ये थोडं पाणी घालून घे, सेप्टमची (रबरी बुचाची) बाटली, अर्धा तास नायट्रोजन सोड, मग यूव्ही लाव. मिथेनॉल होल उचलतं, इलेक्ट्रॉनला घेणारं कोणी नाही, ते टायटॅनियमवर साठतात आणि दुधासारखी पांढरी पावडर निळसर होत जाते. तो निळा रंग म्हणजे अडकून पडलेले इलेक्ट्रॉन. मग सेप्टम उघड आणि हलव. हेच प्लॅटिनमवाल्यांना करून बघ, मग आपण बोलू. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ज्या गोष्टीचे फक्त आलेख काढत होतो ती बाटलीत समोर होती, ते अजून विसरलेलो नाही.

तिसरं, फिनॉलचा रेट हवेत आणि शुद्ध ऑक्सिजन सोडून, दोन्हीत काढ. इलेक्ट्रॉन अडून बसत असेल तर ऑक्सिजनने रेट वाढलाच पाहिजे.

अर्धा_जोड:

मधेच घुसतो, सॉरी. मी कार्बन नायट्राइड आणि टंगस्टन ऑक्साइडच्या जोडावर काम करतोय, तिथेही पीएलच दाखवतात आणि बँडचं चित्र काढून टाइप टू किंवा झेड स्कीम म्हणतात (जोडातल्या कुठल्या घटकावर इलेक्ट्रॉन उरतात याची दोन चित्रं). हेच सगळे आक्षेप तिथेही लागू ना?

जुना_प्रयोगवाला:

लागू, आणि जास्तच. पण तुझ्या जोडात एक सोय आहे, दोन चित्रं वेगवेगळी भाकितं करतात. टाइप टू खरं असेल तर इलेक्ट्रॉन टंगस्टन ऑक्साइडवर येऊन बसतील, त्याचा कंडक्शन बँड (सुटलेले इलेक्ट्रॉन असतात ती पातळी) शून्य व्होल्टच्या धन बाजूला, तिथून ना हायड्रोजन निघेल ना ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड (एक इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन) होईल. झेड स्कीम खरी असेल तर इलेक्ट्रॉन कार्बन नायट्राइडवर उरतील, तो साधारण उणे १.१ व्होल्टला, तिथून दोन्ही जमतं. तेव्हा फक्त गॅप २.७ आणि २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असं लिहून बाणांची चित्रं काढण्यापेक्षा सुपरऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल दोन्ही ईएसआरमध्ये (जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनची खूण पकडणारं मोजमाप) एकाच सॅम्पलवर दाखव. आणि बेंझोक्विनोन घालून रेट पडला म्हणून सुपरऑक्साइड सिद्ध झाला असं लिहू नकोस, बेंझोक्विनोन स्वतःच इलेक्ट्रॉन घेतं आणि प्रकाशही खातं. अजून एक करता येईल, प्लॅटिनम फोटोडिपॉझिट करून ते कुठल्या घटकावर बसलं ते टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघ, जिथे इलेक्ट्रॉन येतात तिथे ते बसतं, आणि लेड ऑक्साइड किंवा मँगनीज ऑक्साइड बसतं जिथे होल येतात तिथे. बिस्मथ व्हॅनेडेटच्या क्रिस्टलवर असं करूनच दाखवलं होतं की इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या फेसवर (क्रिस्टलच्या बाजूवर) जातात आणि होल दुसऱ्या.

कण_मोजणारा:

त्याच धाग्याचं टोक म्हणजे ॲल्युमिनियम घातलेलं स्ट्रॉन्शियम टायटनेट, २०२० चं काझुनारी डोमेन या जपानी संशोधकाच्या गटाचं काम. होलच्या फेसवर कोबाल्टचा ऑक्सिहायड्रॉक्साइड, इलेक्ट्रॉनच्या फेसवर ऱ्होडियम आणि त्यावर क्रोमियम ऑक्साइडचं कवच, म्हणजे ऑक्सिजन त्या धातूपर्यंत पोचूच नये आणि तयार झालेला हायड्रोजन परत पाणी होऊ नये. ३५० ते ३६० एनएमच्या मधे बाहेरून मोजलेली क्वांटम यील्ड ९६ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे जवळजवळ प्रत्येक फोटॉनची जोडी कामाला लागली, रिकॉम्बिनेशन जवळपास नाहीच. हे ऐकून मला तेव्हा झोप लागली नव्हती, कारण तोवर पावडरमध्ये रिकॉम्बिनेशन हे नशिबातच आहे असं मी धरून चाललो होतो. आणि लक्षात घ्या, तिथे धातू भरपूर घालून हे झालं नाही, थोडा, पण नेमक्या जागी. अर्थात गॅप ३.२ चा, त्यामुळे उन्हातला फार थोडा भाग वापरला जातो, पुढच्या वर्षी शंभर चौरस मीटरचं पॅनेल लावलं तेव्हा सूर्यप्रकाशाचं हायड्रोजनमध्ये रूपांतर ०.७६ टक्क्यापर्यंतच गेलं.

पावडर_३६५:

सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवस लागले पण सगळं केलं.

निळा रंग!!! साध्या टायटेनियाची बाटली दहाएक मिनिटांत कडेकडेने निळसर व्हायला लागली, एलईडीच्या बाजूने आधी, आणि वीस मिनिटांनी सगळी राखाडी निळी. सेप्टमला सुई टोचून हवा सोडली तर निळा वरून खाली पांढरा होत गेला, हलवल्यावर दोन सेकंदांत सगळा गेला. ०.५ टक्केवाला निळा झालाच नाही, पण ढवळणं थांबवल्यावर काचेला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसले, म्हणजे इलेक्ट्रॉन प्लॅटिनमवर जाऊन हायड्रोजन होऊन निघून गेले ना. ३ टक्केवाल्यातही बुडबुडे आले पण कमी वाटले, मोजले नाहीत.

फिनॉलचं बघा. क्रम तोच, ०.५ सगळ्यात वर, मग १, मग साधा, मग ३. पण ऑक्सिजन सोडल्यावर साध्या टायटेनियाचा रेट चांगलाच वाढला, जवळजवळ ०.५ च्या हवेतल्या रेटपर्यंत. ०.५ आणि ३ मात्र जागचे हलले नाहीत. एलईडी अर्धा केला तर रेट थोडा अर्ध्यापेक्षा वर राहिला, म्हणजे सरळ आणि वर्गमुळाच्या मधे कुठेतरी आहे मी.

तर ३ टक्क्यांमध्ये इलेक्ट्रॉन अडून बसलेला नाहीये, बरोबर? मग ते प्रकाश खातंय की होल खातंय हे कसं ओळखू?

लेझरवाली:

बरोबर, ऑक्सिजनने साधा वाढला आणि प्लॅटिनमवाले हलले नाहीत, याचा अर्थ प्लॅटिनम असताना इलेक्ट्रॉन बाहेर पडणं ही अडचण उरलेली नाही. ३ टक्क्यांचं नुकसान दुसरीकडे आहे.

प्रकाश की होल हे वेगळं करायला एक कंट्रोल कर. तेवढंच प्लॅटिनम ॲल्युमिनावर बसव, फोटोडिपॉझिशन तिथे होणार नाही म्हणून इम्प्रेग्नेशन (प्लॅटिनमच्या द्रावणात भिजवून वाळवणं) करून हायड्रोजनमध्ये रिड्यूस कर. मग ते साध्या टायटेनियात नुसतं मिसळ, सस्पेन्शनमध्ये एकूण प्लॅटिनम ३ टक्केवाल्याइतकंच येईल असं. राखाडी रंग तेवढाच, प्रकाश साधारण तेवढाच खाल्ला जाईल, पण टायटेनियाला धातू चिकटलेला नाही. जोडीला प्लॅटिनम नसलेलं ॲल्युमिना मिसळून एक. पहिल्याचा रेट दुसऱ्यापेक्षा जेवढा पडेल ती सावली. उरलेली तूट ही चिकटलेल्या धातूची. ठिपक्यांचा आकार सारखा असायला हवा, नाहीतर सावलीचा हिशोब चुकेल, तेवढं बघ.

पावडर_३६५:

केलं, कालच संपलं. प्लॅटिनम नसलेलं ॲल्युमिना मिसळलेला साध्या टायटेनियाइतकाच. प्लॅटिनमवालं ॲल्युमिना मिसळलेला त्यापेक्षा खाली आला, पण ३ टक्केवाल्याच्या रेटपर्यंत अजिबात नाही, तुटीचा साधारण तिसरा हिस्सा भरला. म्हणजे तिसरा हिस्सा सावली आणि दोन हिस्से चिकटलेला धातू. आणि टीईएमचे पहिले फोटो आले, ०.५ मध्ये बऱ्याच कणांवर खरंच एकच ठिपका आहे, काहींवर एकही नाही, ३ टक्क्यांत मात्र सहा वेगळे ठिपके असे फार कमी, बहुतेक ठिकाणी दोन-तीन आणि त्यातला एक चांगला ५-६ एनएमचा गोळा. गोळ्यांचं मोजायचं बाकी आहे, आता ०.२ टक्क्याचं सॅम्पल लावतोय, ठिपका नसलेले कण वाढल्यावर रेट कुठे पडतो ते बघायचंय.